पाणी तोलून घ्यायचं

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ संसारात कधी आलीच नाही. आता लिहितेय, कारण उद्या मी हैदराबादला निघाले आहे. औषधं तयार करायचं शिकायला. दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी माझ्यासाठी शब्द टाकला. घरात सगळ्यांना सांगून झालं, तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं.

हसलात ना? दिवसभर शाळेत उर्दूतून रसायन शिकवायचात आणि संध्याकाळी चुलीपुढं पाट टाकून तेच मला मराठीतून सांगायचात. "महलूल म्हणजे द्रावण. कसं वाटतं कानाला?" भाकरी थापता थापता मी म्हणायची, "बरं वाटतं." एक ना एक दिवस धाराशिवच्या पोरांना त्यांच्या भाषेत शिकवणार, हा तुमचा ध्यास. आता निजामाचं राज्य गेलं, शाळेत मराठी आली. थोडं थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

मोललता मला त्या चुलीपुढंच कळली. "एक किलो पाण्यात पदार्थाचे किती मोल विरघळवले, ती मोललता," तुम्ही सांगितलंत. "मोल म्हणजे कणांचा एक ठरलेला गठ्ठा. मिठाचा गठ्ठा साडेअठ्ठावन्न ग्रॅम भरतो."

"मग पाणी भांड्यानं मापलं तर?"

"तापलं की पाणी फुगतं. वजन फुगत न्हाय. म्हणून पाणी तोलून घ्यायचं."

एवढं सोपं होतं! पण मला ते कुणी सांगावं, असं तुमच्याआधी कुणाला वाटलंच नव्हतं.

मग तो पटकीचा उन्हाळा आला. तुमची धाकटी बहीण काशी माहेरपणाला आली होती, तिलाच पहिल्यांदा लागण झाली. सकाळी अंगणात हसत होती, दुपारी डोळे खोल गेले, नाडी लागेना. सासूबाईंनी येरमाळ्याच्या येडाईला नवस बोलला. डॉक्टरसाहेब आले आणि हात झाडून उभे राहिले.

"मास्तर, सलाइन संपलं. रस्ते बंद आहेत, हैदराबादहून माल येत न्हाय."

"सलाइन म्हणजे मिठाचं पाणीच ना? शाळेत शुद्ध मीठ आहे, तराजू आहे. मी करतो."

"माप चुकलं तर माणूस हातचं जाईल. जिम्मेदारी कुणाची?"

तुम्ही काशीकडं बघितलंत. "माझी."

किलोभर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ. भागाकार करून तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "मोललता शून्य पूर्णांक पंधरा शतांश." पाणी आधी तोललंत, त्याच्या हिशेबानं मीठ काढून ठेवलंत, मग पाणी उकळायला चुलीवर चढवलंत. जंतू मरायला हवेत म्हणून चांगलं खळखळ उकळलं. तुम्ही मिठाचा कागद हातात घेतलात, तेव्हा माझी नजर पातेल्याच्या कडेला गेली. ओला काठ बराच वर राहिला होता.

"अहो, पाणी आटलंय. मीठ मघाच्या पाण्याचं आहे."

तुम्ही माझ्याकडं बघतच राहिलात. रागावाल असं वाटलं. पण तुम्ही मिठाचा कागद माझ्या हातात दिलात. पुढं तुमची स्वतःची बहीण निजली होती, स्वतःच्या मापावर भरवसा कसा राहणार?

"सरकतो मी. तू तोल. मी फक्त वाचतो."

झाकण ठेवून पाणी पुन्हा तोललं. मीठ पुन्हा काढलं, मघापेक्षा कमी. उकळलेल्या फडक्यातून गाळून बाटल्या भरल्या, वाफेवर धरल्या. डॉक्टरसाहेबांनी काशीच्या दंडात सुई घातली तेव्हा तुम्ही भिंतीकडं तोंड करून उभे होतात. मला मात्र तिच्या तोंडावरून नजर हलवता येईना.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "वहिनी, तहान लागलीय गं." तुम्ही तिथंच खाली बसलात!

नंतर गल्लीतल्या कितीतरी घरांत आपल्या बाटल्या गेल्या. सगळे वाचले नाहीत. महादप्पा वाणी गेले. त्यांच्या दारातून परत येताना तुम्ही विचारलंत, "मापात चूक नव्हती ना?"

"नव्हती."

"मग का गेले?"

ते मला आजही कळलेलं नाही. शिकून आले की कळेल का हो?

एक मात्र तुमचं चुकलंच. हिवाळ्यात अंगात ताप असताना "काही न्हाय, कसर आहे" म्हणत शाळेत जात राहिलात. विषमज्वर होता तो. दुसऱ्याच्या अंगातलं पाणी ग्रॅमनं मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या अंगातला ताप दिसू नये? कपाळाला हात लावायला गेले की बाजूला सरायचात. त्याचा राग अजून गेलेला नाही माझा.

हैदराबादचं बोलणं निघालं तेव्हा सासूबाई बिथरल्या. "इधवा बाईनं परमुलखात औषधं कालवत बसायचं? लोक काय म्हणतील?" काशी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, ती उसळली. "आई, वहिनीनं तोललेलं पाणी माझ्या अंगात गेलं म्हणून ही पोर झाली. तवा लोक कुठं होते गं?"

सासूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, बोलणं तुटलं. पण आज सकाळपासून त्या माझ्यासाठी धपाटी करतायत. माझ्याशी अजून बोलत नाहीत, तेल मात्र सढळ हातानं सोडतायत.

भीती वाटते हो. तिथं शिकलेल्या बायका असतील, इंग्रजी येणाऱ्या. मला तुमची द्रावणं येतात आणि चार यत्ता. पण वचन देते, अर्ध्यातून परत येणार नाही. जे कळणार नाही ते विचारीन, कुणी हसलं तरी विचारीन.

आणि तिथं विचारतीलच, हे सगळं कुणाकडं शिकलात बाई? लग्नापासून आजवर तुमचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. तिथं घेईन. सरळ, मोठ्यानं, चार लोकांत.

तुमचीच,
शांता