दोन देशांचा एकच फॉर्म

३ मार्च
पाय सुजलेत. आज नऊ घरं. तीन इमारती, लिफ्ट एकीलाच, आणि तीही बंद. पाहणीच्या फॉर्ममध्ये चाळीस प्रश्न — नळाला पाणी किती तास, दवाखाना किती लांब, वीज किती वेळा जाते. हेच चाळीस प्रश्न तिकडे, मी जन्मले त्या देशातही विचारले जातायत. मग साहेब दोन्ही देशांना गुण देणार. जगणं कुठे बरं, इथे की तिकडे. दोन्हीकडे तंगीच, म्हणजे उडदामाजी काळे-गोरे निवडायचं काम. पण मला उत्तर हवंय. बाबांना पटवायला.

५ मार्च
बाबांना इकडे आणायचा कागद तीन वर्षांनी मंजूर झाला. एकतीस तारखेपर्यंत त्यांचा होकार कळवायचा, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आज फोनवर विचारलं.
“बघू.”
हे ‘बघू’ ऐकून कान किटले! वय अठ्ठ्याहत्तर, घर तिसऱ्या मजल्यावर, गुडघे गेलेले, पाणी एक दिवसाआड. आई गेल्यापासून एकटे. आणि मी इथे फोन वाजला की दचकते. अकरा वर्षं दचकतेय.

८ मार्च
सुट्टी. नमुना म्हणून बाबांचाच फॉर्म फोनवर भरला. आमचा नियम असा — पहिलं उत्तर जसंच्या तसं लिहायचं, आपण काही सुचवायचं नाही.
“पाणी?” “येतं की.”
“किती तास?” “भरून होईपर्यंत.”
“दवाखाना चालत किती मिनिटं?” “चालत कोण जातंय? खालचा गॅरेजवाला नेतो मागे बसवून.”
आता यात मिनिटं कुठली लिहू?
सदतिसावा प्रश्न — गेल्या आठवड्यात घरात किती माणसं येऊन बसली? बाबा मोजायलाच लागले. समोरची शेजारीण, तिच्या दोन मुली, निवृत्त पोस्टमन (“तो रोज येतो, एकदाच धरायचा का?”), गॅरेजवाला, त्याचा भाऊ... असे अकरा. मग म्हणाले, “पेपरवाला धरू? पाणी पिऊन जातो.”
मी नियम मोडला. म्हटलं, बसला तर धरा.
“मग बारा.”
तरी बेरजेत बाबा मागेच. चाळीसपैकी बावीस. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

११ मार्च
साहेबांनी बाबांचा फॉर्म तपासला. ‘बारा’भोवती लाल गोल. “आठवड्यात बारा? आकडा चुकलाय. एक असणार.”
मी म्हटलं, “हो, चुकला असेल.” वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. बाराचा एक झाला.

१२ मार्च
दहा घरं. जेवण उभ्यानेच.

१५ मार्च
आज बाबांना ऐटीत सांगितलं, इथली सरासरी एकतीस, तुमचे बावीस.
“सरासरीच्या घरी राहायला येऊ का मी? तुझा भरलास?”
नव्हता भरला. चार हजार घरांचे फॉर्म या हातांनी भरले, स्वतःचा नाही. दिव्याखाली अंधार. बाबा म्हणाले, भर आत्ता, मी ऐकतो.
पाणी चोवीस तास. वीज जात नाही. दवाखाना सात मिनिटं. पहिला नंबर काढल्यासारखी धडाधड वाचत गेले. मग सदतिसावा आला.
“घरमालकीण,” मी म्हटलं.
“आत येते?”
“दारापर्यंत.”
“मग नाही धरायची. बसायला पाहिजे, तूच म्हणालीस.”
शून्य लिहिलं. शेवटचा प्रश्न — अचानक आजारी पडलात तर कुणाला बोलवाल? मी म्हटलं, “तुम्हाला फोन लावीन.” मी हसण्यावारी न्यायला गेले. बाबा हसले नाहीत.

२३ मार्च
तिकडच्या शेजारणीचा फोन. बाबांच्या नकळत केलेला. “रागावू नकोस गं. त्यांना नेऊ नकोस. जिना उतरायचा असला की आम्ही कुणी ना कुणी असतोच. तिथे कोण असेल, तू तर दिवसभर बाहेर!”
रागावलेच आधी. आमच्या घरातलं ही कोण ठरवणार! मग दिवसभर लोकांच्या पायऱ्या चढताना तेच डोक्यात. बाबा इथे आले तर सकाळी आठ ते संध्याकाळी सात या एका खोलीत. नळ मात्र चालू. तिथे बारा माणसं सोडून इथे नळाकडे बघत बसायचं. आणि हे सगळं मी कुणासाठी मागतेय? त्यांच्यासाठी, असं तीन वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. मला घरी कुणीतरी हवंय, हे एकदाही नाही सांगितलं.
ठरवलं. आता विचारायचं नाही. एकतीस तारीख जाऊ दे.

२६ मार्च
बाबांशी बोलले. हवापाण्याचंच. त्या विषयाला हात लावला नाही. जमलं.

२९ मार्च
बाबांचा फोन, आपणहून. “कळवून टाक. येतो मी.”
एकदम कसं काय, विचारलं.
“तुझ्याकडे कुणी येत नाही म्हणालीस ना.”
सांगायला हवं होतं — नका येऊ, तुमचं तिकडे चांगलं चाललंय. शब्द तोंडाशी आले होते.
मी म्हटलं, “या.”