वाळलेला थेंब

आई, हे तुला सांगून आता काही उपयोग नाही, तरी सांगते. मी नगरला मिशनच्या दवाखान्यात रक्त तपासते. आज दुपारपासून एक काम टाळते आहे, आणि कामं टाळायची मला सवय नाही.

वॉर्डात मिरजगावकडची एक बाई आहे. पहिला मुलगा धडधाकट. पुढची दोन बाळं जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी हळदीसारखी पिवळी पडली आणि गेली. चौथं याच आठवड्यात होईल. बोटाला सुई टोचताना ती म्हणाली, “बाई, रगत कशाला बघता? दोष माझ्या दुधात हाय. सासू म्हनती तसं.” माझा हात थांबला. हे मी आपल्या स्वयंपाकघरात ऐकलेलं आहे.

राहुरीचं घर. तू चुलीमागच्या भिंतीला टेकून बसली आहेस, मांडीवर माझ्यामागचं दुसरं बाळ, तेही पिवळं. आत्या म्हणते, “चीक न्हाई त्यो, इख हाय. पिळून टाक.” तू राखेच्या खापरात दूध पिळतेस, मी ते शेवग्याच्या बुडाशी ओतून येते. मी विचारते, मागच्या वेळीही टाकलं होतं, मग ते का गेलं? “फौजदार हायस का गं तू?” आत्या म्हणते, आणि तू एवढ्यातही हसतेस. तिसऱ्या वेळी तू बाळाला अंगाला लावलंच नाहीस. शेळीचं दूध आणि कापसाची वात. ते सारखं तोंड तुझ्याकडे वळवायचं आणि तू पदर घट्ट धरून भिंतीकडे बघायचीस. तेही गेलं, आणि त्याच बाळंतपणात तू.

दुधात काही नव्हतं, आई. हे अलीकडेच कळलं आहे, या लढाईच्या वर्षांत. पुष्कळांच्या रक्तपेशींवर एक घटक असतो, थोड्यांच्या नसतो. आईला तो नसला आणि बापाकडून पोटातल्या मुलाला आला, तर पहिल्या बाळंतपणात आईचं रक्त त्याला परकं म्हणून ओळखायला शिकतं. पहिलं मूल बहुधा सुखरूप सुटतं. पुढच्यांच्या पेशी आईचंच रक्त फोडत जातं, ती पोटात असल्यापासून. डॉक्टरबाईंनी हे मला मासिकातून वाचून दाखवलं, तेव्हा मी “हो” एवढंच म्हणाले. आपल्या घरातलं पहिलं मूल मी होते.

मिरजगावच्या बाईला तो घटक नाही. बाळ पिवळं पडू लागलं तर त्याला तसंच, घटक नसलेलं रक्त द्यायचं डॉक्टरबाईंनी ठरवलं आहे. तपासायचा रस परदेशातून आला आहे, भुकटीच्या रूपात, अगदी थोडा. ओ गटाचं रक्त कुठल्याही गटाच्या बाळाला चालतं, म्हणून त्या गटाची जेवढी माणसं दवाखान्यात आहेत, तेवढी मी तपासली. स्वयंपाकीणमावशी म्हणाल्या, “बघा हां, माज्या रगतात मसाला निघंल.” त्यांच्यासकट सगळ्यांच्या रक्ताने गुठळ्या धरल्या, म्हणजे घटक आहे. माझाही गट ओ आहे. उरले मी एकटी.

गुठळ्या नाही झाल्या, तर त्या बाळाला रक्त मिळेल, आणि तुझ्या रक्ताला परकं ओळखायला शिकवलं ते मी नव्हे, हेही ठरेल. झाल्या, तर बाळाला नाही, आणि तुझ्यापुरतंही काही ठरत नाही, कारण तुझं रक्त आता कोण तपासणार? फक्त शक्यता राहील, आणि ती मला घेऊन चालावं लागेल. डॉक्टरबाई मघाशी दारात येऊन म्हणाल्या, “तुझं झालं का?” मी म्हटलं, “करते आहे.” ते खरंच होतं. बोट टोचलं होतं. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, रसाचा थेंब, दोन्ही मिसळलेले. पट्टी दोन मिनिटं हलवत बघत राहायचं असतं, दुसरं काही करायचं नसतं.

मी पट्टी खाली ठेवली आणि हा कागद ओढला.

आता थेंब कडेने वाळला आहे. वाळू लागलं की कुणाचंही रक्त गुठळ्या धरल्यासारखं दिसतं. असं वाचन धरायचं नसतं, हे मीच नव्या मुलींना शिकवते. तरी मी ते बघितलं, आई, आणि क्षणभर खरं मानलं. पट्टी धुते. दुसरं बोट टोचते.