मनीमाजऱ्यातलं ग्लासगो

मनीमाजरा, चंदीगड
रविवार

तीर्थस्वरूप भानुदासमामांना,

चंदीगडच्या धुक्यातून हृषीकेशचा वाकून नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे या वेळी खरोखरच वाकून). तुमचा गुडघा, मामींचं ब्लडप्रेशर आणि कराडची हवा, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. वरचा पत्ता वाचून तुम्ही चष्मा पुसला असेल. पत्ता बरोबरच आहे. मी युनिव्हर्सिटीचं होस्टेल सोडून मजुरांच्या लॉजिंगमध्ये राहायला आलो आहे आणि इथून आता हलणार नाही.

पहिल्यापासून सांगतो. माझ्या पीएचडीचा विषय तुम्हाला ठाऊक आहेच: स्कॉटलंडमधल्या गरीब कामगारांच्या लॉजिंगांचा इतिहास. (ग्लासगोचे लोक त्या घरांना 'मॉडेल' म्हणत, हे मी आईला एकदा सांगितलं. तेव्हापासून साताऱ्याच्या आत्याबाईंची समजूत आहे की मी चंदीगडला मॉडेलिंग करतो. त्यांनी हौसेनं फोटो मागवला आणि फोटो पोहोचल्यापासून त्या गप्प आहेत.) तर माझ्या गाइड, ग्रेवाल मॅडम, यांनी माझं तिसरं प्रकरण परत केलं आणि एवढंच म्हणाल्या, "हृषीकेश, इसमें दीवारें बहुत हैं, आदमी एक भी नहीं।" मामा, हे मला लागलं. ग्लासगोची माणसं आता कुठून आणू? पण तशा घरात राहणारी माणसं तर जवळपास असतील ना! असा विचार करून मी वळकटी उचलली आणि मनीमाजऱ्याच्या बाजारामागच्या गल्लीत बलबीरजींच्या दारात उभा राहिलो.

बलबीरजींचं हे जुनं धान्याचं गोदाम. वरच्या मजल्यावर प्लायवुडचे खण, एकेका खणात एकेक खाट, आणि वर तारेची जाळी. ती जाळी पाहून मला गहिवरून आलं. ग्लासगोत खणांवर हुबेहूब अशीच जाळी असायची, शेजारच्यानं वरून चढून चोरी करू नये म्हणून! मी हे सद्गदित होऊन सांगितलं तर बलबीरजी म्हणाले, "ओ जी, ये तो कबूतरों के लिए है।" खाट माझ्यापेक्षा आखूड निघाली (उसणीचं मूळ तेच). खाली सगळ्यांत मिळून एक लांब भट्टी, ज्याचं त्यानं शिजवायचं. हेही तिकडच्यासारखंच. मी पहिली पोळी लाटली तेव्हा शेजारी कुबड्या टेकून उभा असलेला रामसजीवन बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि अदबीनं म्हणाला, "भइया, ये कौन से ज़िले का नक़्शा है?" तेव्हापासून पोळ्या तो करतो आणि पिठलं मी. (पिठल्याला तो 'मराठी कढ़ी' म्हणतो. मी वाद घालणं सोडलं आहे.)

हा रामसजीवन उत्तर प्रदेशातल्या गोंड्याकडचा रंगारी. परांचीवरून पडून पायाचा चुराडा झाला. सेक्टर बत्तीसच्या सरकारी इस्पितळात पाय जोडून दिला, पण अजून व्यायामाला तिथे नेमानं जावं लागतं. इथे बस जवळ पडते, बाकीचे त्याला पाण्याची बादली भरून देतात. गावी गेला तर पाय आहे तसाच राहणार.

आणि अशातच मोहल्ल्याच्या कमिटीनं लॉजिंग बंद करायची मागणी केली. अध्यक्ष खुरानाजी. त्यांचं म्हणणं, जिना एकच, उद्या आग लागली तर? (मामा, यात खोटं काही नव्हतं. तीच तर पंचाईत.) बलबीरजीही कंटाळलेले. हॉल जिमवाल्याला देतो म्हणाले. रामसजीवननं ब्रश धुऊन पिशवीत भरायला घेतले. ते पाहून मी ठरवलं, हे घर बंद होऊ द्यायचं नाही.

धर्मशाळेत सभा भरली. मी उभा राहिलो आणि आपल्या कराडच्या हिंदीत ग्लासगोचा इतिहास सांगितला. तिथल्या नगरपालिकेनं गरिबांसाठी अशी घरं स्वतः कशी बांधली, वाईट होती ती सुधारली, वगैरे. लोक फार लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी खुरानाजींनी विचारलं, "तो स्कॉटलैंड वाले कब आ रहे हैं?" मी म्हणालो, "वो तो कब के मर गए, जी।" सभेतला सगळा उत्साह मावळला.

तेवढ्यात मागून कुबड्यांचा आवाज आला. रामसजीवन पुढे आला. "बाबूजी, हमें पहचाना? आपकी कोठी हमने रंगी थी। वहीं से गिरे थे।"

खुरानाजी त्याच्याकडे पाहतच राहिले. त्यांनी त्याला पाहिलं होतं ते खालून, आपल्या बंगल्याच्या परांचीवर, पाठमोरा. पडला तेव्हा ते लेकीकडे गेलेले. ठेकेदारानं दुसरा माणूस लावून काम पुरं केलं आणि यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. ते म्हणाले, "वो पीला रंग?"

"पीला नहीं जी, क्रीम। पीला धूप ने किया है।"

खुरानाजी खाली बसले, पुन्हा उठले आणि रामसजीवनला स्वतःच्या खुर्चीवर बसवून उभ्यानंच म्हणाले की लॉजिंग राहील. अटी दोन: वैसाखीच्या सणापर्यंत मागच्या बाजूनं दुसरा जिना, आणि जबाबदारीला एक शिकलेला सुपरिंटेंडेंट. मग सगळी सभा माझ्याकडे बघू लागली. मामा, आयुष्यात पहिल्यांदा मी एकमतानं निवडून आलो.

मामींना नमस्कार, आईला यातलं जेवढं पेलेल तेवढंच सांगा.

आपला,
हृषीकेश (सुपरिंटेंडेंट)

ता. क. जिन्यासाठी इथे जो मिस्त्री येतो तो नकाराची मान हलवून जातो. तुम्ही बांधकाम खात्यात जन्म काढलात. महिनाभर याल का? खिडकीजवळची खाट तुमच्यासाठी राखली आहे.

ता. क. २. नवं प्रकरण ग्रेवाल मॅडमना फार आवडलं. फक्त विचारत होत्या, यात स्कॉटलंड कुठे आहे?

ता. क. ३. नाही म्हणायच्या आधी हेही वाचा. मामींशी माझं फोनवर बोलणं झालं आहे. रिटायर झाल्यापासून तुम्ही स्वयंपाकघराच्या फळ्या तीनदा उतरवून पुन्हा ठोकल्यात म्हणे. तुमचं तिकीट त्यांनी परवाच काढलं, स्वेटरही भरले. तुम्ही आपण होऊन निघालात असं तुम्हाला वाटावं म्हणून पत्र लिहायला त्यांनीच सांगितलं.