साठचे पन्नास

नाशिकरोड,
मंगळवार, २० नोव्हेंबर २००७

प्रिय सुवर्णा,

रविवार, दिनांक १८ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून घेतली, म्हणजे नंतर मला कोणी खोटं पाडू नये. तू पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली होतीस. कानांवर हेडफोन होते आणि पडद्यावर आपले ते टकले अमेरिकन प्राध्यापक फळ्यावर खडू चालवत होते. तेच, ज्यांची व्याख्यानं इंटरनेटवरून काढून टाकली असं दिवाळीआधी तू मला सांगितलं होतंस. त्यांच्या कुठल्याशा विनोदावर तू हसलीस. मी दारातूनच परतले आणि चहाचं आधण ठेवलं. तीस वर्षं सरकारी कचेरीत स्टेनो होते मी. तिथे शिपायाला काढायचं तरी आधी कारणे दाखवा नोटीस देतात. तू माझी सून असून मला परस्पर काढलंस. एकाच घरात राहून पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. डब्याच्या पिशवीत ठेवते आहे, जेवणाच्या सुट्टीत वाच.

हे सगळं कसं सुरू झालं ते आठव. जूनमध्ये तुझ्या अंबडच्या कंपनीने ठरवलं, तबकडी फिरणारे जुने रिले बंद. वीजवाहिनीत बिघाड झाला की पुरवठा तोडायचा, काम तेच, पण यापुढे ते चिपवर होणार आणि त्यासाठी डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग यायला हवं. तीन डिसेंबरची परीक्षा पास होतील ते नव्या विभागात, बाकीचे जुन्या विभागाबरोबर घरी. तेरा वर्षं नोकरी केलेली इंजिनियर तू, ताटावर बसून रडलीस. म्हणालीस, "आई, फळ्यावरचं गणित मला दिसतं हो, पण हा माणूस बोलतो काय तेच कळत नाही. तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा बोलतो." सायखेड्याच्या मराठी शाळेतून तू इथवर आलीस, त्यात तुझा काय दोष. माझं उलट. नन्सनी फूटपट्टीने बोटं सडकून इंग्रजी शिकवलं, त्यामुळे प्राध्यापकांचा शब्द न् शब्द मला कळायचा आणि अर्थ काडीचाही नाही. मग ठरलं, शब्द माझे, अर्थ तुझा. कोणत्या सासूने सुनेसाठी असं श्रुतलेखन घेतलं असतं? मी घेतलं. शॉर्टहँडमध्ये उतरवायचं आणि दुपारी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवायचं.

खोटं कशाला बोलू, निवृत्तीनंतरचे तेच माझे सर्वांत चांगले दिवस. गच्चीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धूर ओकताना दिसायच्या आणि नेमकी आपलीच वीज जायची. मग तू मेणबत्तीजवळ वही धरून मागचं वाचायचीस. मध्येच ओरडायचीस, "थांबा, थांबा, कळलं!" मी म्हणायचे, "मला नाही कळलं, पण स्पेलिंग बरोबर आहे." शनिवारी भारत मालेगावहून यायचा, तुझा नवरा आणि माझा मुलगा, पण जेवायला कोणी विचारायचं नाही. "पोथी लावलीय का दोघींनी? प्रसाद तरी द्या," म्हणायचा. तू कढीची पातेली त्याच्याकडे सरकवायचीस आणि आपण पुढचा भाग लावायचो.

आता लोकांचंच म्हणशील तर हल्ली कोणी नीट बोलत नाही. भारत फोनवर पुटपुटतो. कुकरची शिट्टी मी दोनदा बदलून आणली, तरी नवी शिट्टीही तशीच मुकी. भाजीवाली साळूबाई मखमलाबादहून येते आणि दारात तोंडातल्या तोंडात बोलते. परवा म्हणाली, "बाई, लाकडं देऊ का?" मी म्हटलं, "लाकडं कशाला? गॅस आहे माझ्याकडे." तिने टोपलीतली काकडी उचलून माझ्या डोळ्यांसमोर नाचवली. "बाई, कचेरी सोडली तवा कानबी तिथंच ठेवून आले का काय तुमी?" असं म्हणून ती फिदीफिदी हसली. तिची काकडी मी घेतली नाही. उद्धटपणाला माझ्याकडे गिऱ्हाईक नाही.

पण काल तू कंपनीत गेल्यावर मी आपली वही उघडली. तुझ्या कपाटात हात घातला, हा माझा अपराध मान्य. माझ्या निळ्या शाईच्या ओळींवर तू पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या आहेस. अगदी फिकट, खोडरबराने एका फटक्यात जातील अशा. 'फेज' म्हणायचं होतं तिथे मी 'फेस' लिहिलं आहे. लाटेची फेज, आणि मी तिला चेहरा देऊन मोकळी झाले. पानापानांवर असे शब्द आहेत. काही ठिकाणी मला अर्धवट ऐकू आलं होतं आणि मी अंदाजाने भर घातली होती, हे मला माहीत होतं. तुला माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. अकराव्या व्याख्यानात तर प्राध्यापकांनी साठ म्हटलं होतं आणि मी पन्नास लिहिलं, शेजारी तुझं पेन्सिलीतलं साठ आहे. अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. तू जन्मभर पन्नासच हाताळलेस, म्हणून तुलाही आधी शंका आली नाही. दसऱ्याच्या सुमारास तू नऊ दिवस एकच गणित फाडून पुन्हा मांडत होतीस आणि माझ्याशी धड बोलत नव्हतीस, ते हे. मी माझी शॉर्टहँडची वही काढून पाहिली. पन्नासचा आकडा स्वच्छ आहे, कुठे हात अडखळलेला नाही. तिथे मी अंदाज केलाच नव्हता. मला पन्नासच ऐकू आलं होतं. कालपासून मला भीती वाटते ती त्याची.

आज सकाळी देवदर्शनाला जाते सांगून निघाले ती रिक्षाने कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी मला एका पेटीत बसवून वेगवेगळे आवाज ऐकवले. ऐकवले म्हणे. नंतर आलेख हातात दिला. डावीकडे रेघ बरी चालते आणि मग उजवीकडे कड्यावरून पडावी तशी कोसळते. मी पाहताक्षणी ओळखला, आठव्या व्याख्यानात मी तो तुझ्यासाठी काढला होता. लो-पास फिल्टर. खालचे सूर जाऊ द्यायचे, वरचे अडवायचे. चार महिन्यांत तुझ्या विषयातलं मला नीट समजलेलं एवढंच. स, श, फ सगळे त्या कड्याखाली गेले. डॉक्टर पुढे बरंच बोलले, शेवटी मी त्यांना कागदावर लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं, मशीनने आवाज मोठा होईल, स्पष्ट होईलच असं नाही. भारतला यातलं काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

आता मुद्दा. पेन्सिलीच्या दुरुस्त्या तिसऱ्या व्याख्यानापासून आहेत. म्हणजे जुलैपासून तुला ठाऊक होतं, आणि तरी तू मला अकराव्यापर्यंत शेजारच्या खुर्चीवर बसवलंस. माझं लिहिलेलं पुन्हा एकटीने ऐकून तपासलंस, म्हणजे दुप्पट काम केलंस. का? कीव आली म्हणून, की माझा थोडा तरी उपयोग होत होता म्हणून? आणि उरलेल्या नऊ व्याख्यानांना मी तिथे बसायचं की नाही? हेडफोन तुझ्याच कानांवर राहू देत, मी हात लावणार नाही. गुरुवार दिनांक २२, सकाळी सात, बिटको चौकात तुझी बस येण्याआधी मला खुलासा हवा, आणि लेखीच हवा. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगू नकोस. तू बोलशील, मी मान हलवीन, "बरं बरं" म्हणेन, वर्षभर मी सगळ्यांसमोर हेच करते आहे, आणि तू हो म्हणालीस की नाही म्हणालीस ते मला कळणार नाही.

तुझीच,
आई