डी ड्राइव्हवर सगळं सुरक्षित

३ मार्च, सोमवार
ठरलं. घरच्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची. स्वतः. रिपेअरवाल्याला बोलवायचं नाही. ज्याने डॉसच्या काळ्या पडद्यासमोर जवानी घालवली, एकामागून एक फ्लॉप्या भरवत अख्खे रविवार काढले, त्याला कोण काय शिकवणार?

बायको म्हणाली, चालतंय ना, मग कशाला हात लावता? तिच्या एम्ब्रॉयडरी मशीनची सगळी डिझाइन्स कॉम्प्युटरमध्येच आहेत, आणि शनिवारी शाळेच्या टीमच्या जर्स्या लोगो भरून द्यायच्यात. मी म्हटलं, अगं, शुक्रवारपर्यंत नुसतं धावायला लागेल बघ.

४ मार्च
पूर्वतयारी. म्हणजे जुन्या सीड्या काढून पुसल्या. दिवस कसा गेला कळलं नाही. पंच्याण्णव! स्टार्टचं बटण बघायला शेजारीपाजारी जमले होते. मग अठ्ठ्याण्णव. मग एक्सपी, पडद्यावर ती हिरवी टेकडी! स्क्रीनसमोर मुलीला उभं करून फोटो काढला, तर साडू विचारतो, सहलीला कुठे गेला होतात? काय दिवस होते!

दर अपग्रेडला माझ्या हातून काहीतरी गेलं, हे खरं. एकदा प्रिंटर, एकदा मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट, एकदा स्कॅनर. पण प्रगती म्हटली की एवढं चालायचंच.

५ मार्च, सकाळ
मुलीचा फोन. म्हणे बाबा, आधी बॅकअप घ्या. बापाला शिकवते! तिच्या आईची सगळी डिझाइन्स डी ड्राइव्हवर टाकली. फोल्डरचं नाव ‘सुरक्षित’. त्याच्या आत आणखी एक, ‘अतिसुरक्षित’.

दुपार
इन्स्टॉल सुरू. डिस्कचे दोन तुकडे दिसले, सी आणि डी. म्हटलं, नव्या घरात जुना पसारा कशाला? दोन्ही पुसून एकच केलं. झकास!

संध्याकाळ
एक तांत्रिक बाब. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं असतात. हे मला माहीत होतंच. आज जरा जास्त माहीत झालं.

बायकोला योग्य वेळ बघून सांगेन.

६ मार्च
योग्य वेळ आली नाही. पुसलेलं परत मिळवून देणारं सॉफ्टवेअर दिवसभर चालवलं. हिरव्या टेकडीसमोरचा मुलीचा फोटो सापडला. डिझाइन एकही नाही. तिची इतक्या वर्षांची मेहनत, स्वतः काढलेलं एकेक फूल, एकेक पान. ती आत गुणगुणत जर्स्यांना इस्त्री करत होती. सांगायला म्हणून आत जायचो आणि चहा हवा का विचारून परत यायचो. तिला संशय आला असावा. एरवी मी चहाचं विचारत नाही.

७ मार्च
सांगून टाकलं. बायको हसली. रागावली असती तर परवडलं असतं. उठली, दोऱ्यांच्या डब्यातून पेन ड्राइव्ह काढला आणि थेट मशीनला लावला. लोगो सुरू! कॉम्प्युटर लागलासुद्धा नाही. म्हणाली, तुम्ही सीड्या पुसायला बसलात की मी कॉपी काढून ठेवते, स्कॅनर गेला तेव्हापासून.

जीव भांड्यात पडला. एकूण काय, या घराला बॅकअपची शिस्त माझ्यामुळेच लागली.

९ मार्च
जर्स्या काल वेळेवर गेल्या. आज मुलगी आली. मायलेकींनी मिळून कॉम्प्युटर नीट लावला. मी शेजारी स्टुलावर बसून मार्गदर्शन केलं. ऐकलं कोणी नाही, पण केलं.

आता पासवर्ड बायकोचा. मलाही वेगळं खातं काढून दिलंय, नाव ‘पाहुणा’. त्यातून काही टाकता येत नाही, काही पुसता येत नाही. पत्ते खेळता येतात. पडद्यावर मात्र पोरीने आठवणीने तोच फोटो लावलाय, टेकडीसमोरचा. बरं वाटलं.

जेवताना सहज विचारलं, पुढची आवृत्ती कधी येतेय गं? बायको अर्धं ताट सोडून उठली आणि पेन ड्राइव्ह शोधायला गेली.