चौक वॉकमधला सातवा थांबा

९ नोव्हेंबर, शनिवार
कॉलेज सोडलं ते बरंच झालं. थर्ड सेमिस्टरला बसलो असतो तर आज सकाळी चौक बाजारात कसा असतो? रसिका तिथे पर्यटकांना फिरवते. 'हेरिटेज वॉक' म्हणे. सहा थांबे, गळ्यात छोटा माइक. गणपतीत मंडळात तिने मला दोनदा प्रसाद दिला होता. दुसऱ्यांदा मी मागितलाही नव्हता.

आज मी गल्लीत फोनवर आईशी बोलत उभा. ती वळून म्हणाली, "अहो, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

अहो! आई बाबांना अहोच म्हणते.

एक टकल्या पर्यटक तिच्याकडे बघून हसला. चेहरा लक्षात ठेवलाय.

निश्चय: हिचं रक्षण करायचं. गुपचूप.

१० नोव्हेंबर, रविवार
टकल्या आला नाही. दुसरा होता. तिच्या अगदी जवळ जाऊन मोबाइल धरला. मी कॉलर धरली आणि भिंतीवर आपटलं साल्याला. मण्यांचे बटुवे विकणाऱ्या बटुएवाल्याचं टेबल उलटलं, मणी रस्ताभर. मागून कळलं, तो बटुव्याचा फोटो काढत होता. आता बटुवा तिच्या हातात होता, यात माझी काय चूक?

त्याच्या बायकोने पाण्याची बाटली घातली कपाळात. स्टीलची. भरलेली. रसिका किंचाळली. काळजीने.

आईला सांगितलं, स्कूटीवरून पडलो. आई म्हणाली, स्कूटी तर तुझ्या बहिणीने, शिल्पाने नेली होती. या घरात माणसावर विश्वास नाही.

निश्चय: आधी चौकशी, मग कॉलर.

१२ नोव्हेंबर
रोज शंभर दंड मारायचे, आजपासून. अठरा झाले. कपाळ ठणकतंय, बाकीचे उद्या.

बाबा म्हणाले, परीक्षेचा फॉर्म भर, नाहीतर आनंद नगरच्या नाक्यावर टपरी टाक. मी म्हटलं, टाकीन! थोबाडीत बसली. मी उलट हात उचलला नाही, हे त्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर
दंड नाहीत. गाल.

१६ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी, पलंगावरून
ओळीने लिहितो. एक दाढीवाला. लेदर जाकीट. तिला 'रसू' म्हणाला. खांद्यावर हात ठेवला. ठरल्याप्रमाणे चौकशी केली: "तू कोण?" तो म्हणाला, "तू कोण?" चौकशी संपली. नाकावर ठोसा. रक्त आलं. छान आलं.

मग ती ओरडली, "समीरदादा!" ग्वाल्हेरचा मावसभाऊ. अशा लोकांनी आधी सांगून यावं.

तेवढ्यात जलेबीवाले चचा उठले. "को खाँ, रोज की नौटंकी लगा रखी है?" इथे भांडणही 'काय हो खान' म्हणूनच सुरू होतं. हातात झारा. तापलेला. पहिला पाठीवर, दुसरा जिथे पडला तिथे आता बसता येत नाही. बटुएवाला गेल्या रविवारचा हिशेब घेऊन आला, लाथेने. पानवाल्याचं माझं काही वैर नव्हतं, तरी तोही आला. समीरदादा सगळ्यात शेवटी, सावकाश, जाकीट काढून.

पुढचा दात गेला. कुठे पडला ते दिसलं नाही. परातीच्या दिशेने गेला. त्या घाण्याच्या जलेब्या विकल्या की नाही, कोण जाणे.

पण चौघे लागले! एकट्याला चौघे. रसिकाने पाहिलं.

२१ नोव्हेंबर
शिल्पाने बातमी आणली. तिची मैत्रीण रसिकाच्या ऑफिसात आहे. पर्यटकांनी तक्रार केलीय: 'गाइड चांगली, पण एक वेडा हल्ला करतो.' आणखी एक तक्रार आली की रसिकाचा वॉक बंद.

कोण आहे हा वेडा? सापडू दे, तंगडं तोडतो.

रात्रभर विचार केल्यावर अंदाज आला.

निश्चय, अखेरचा: हात उचलायचा नाही. रीतसर बुकिंग करून जायचं, शेवटच्या थांब्यावर मनातलं सांगायचं. ती ओळखेलच. दात नसला तरी.

८ डिसेंबर, रविवार
टोपी, मास्क. ग्रुप नागपूरचा, सगळं मराठीत. सहा थांबे झाले. मी वाक्य घोकत होतो. ती म्हणाली, "आता आमचा नवीन थांबा." जलेबीच्या दुकानासमोर उभी राहिली.

"इथे एका वेड्याने माझ्या भावाचं नाक फोडलं. मग या तिघांनी..."

चचांनी झारा फिरवून दाखवला. बटुएवाला मी झाला, कोलमडला, "अम्मी!" म्हणून ओरडला. मी असं ओरडलो नव्हतो. मी 'आई' म्हणालो होतो. पानवाल्याने चुन्याची डबी उघडली. आत माझा दात.

लोक पोट धरून हसले. एक काकू म्हणाल्या, "अगं, पण होता कोण?"

रसिका म्हणाली, "काय माहीत, काकू. नाव नाही ठाऊक. या मारामाऱ्या सुरू होण्याआधी कधी पाहिलाही नव्हता."

दोनदा प्रसाद दिला होता.

मूठ वळली. बटुएवाल्याचा जबडा अगदी हाताशी होता. पण एक तक्रार, आणि तिचा वॉक बंद. मूठ सोडली. चचांनी हातात जलेबी ठेवली. मला ती चावता येत नाही.

सगळे मोबाइल काढून डबीभोवती जमले. ती माझ्याकडे वळली.

"अहो, जरा बाजूला होता का? दात दिसत नाहीये."

झालो.