सिंदीच्या शाळेचा हिरवा चौकोन

वर्धा,
बुधवार, दि. ६ फेब्रुवारी २००८

तीर्थस्वरूप पुंडलिकराव भाऊजींना, ऑफिसच्या खुर्चीतून उठून, इकडेतिकडे पाहून, पुन्हा बसलेल्या अच्युतचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? ताईची शुगर तपासली का? सिंदीला थंडी अजून आहे म्हणे, तेव्हा सकाळी फिरायला जाताना मफलर विसरू नका. माझी तब्येत उत्तम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे शनिवारपासून फोन वाजला की मी खुर्चीतून उठून उभा राहतो. (पत्र शिपाई चिंधूच्या हातानं पाठवतो आहे, कारण तुमच्याकडे फोन ताई उचलते. ताईनं ऐकलं की संध्याकाळपर्यंत सिंदीच्या स्टेशनमास्तरलाही कळतं. राग मानू नका, बहीण माझीच आहे.)

आमच्या संस्थेत तीन महिन्यांपूर्वी कॉम्प्युटरवर एक नवीन व्यवस्था आली. आमचे अध्यक्ष भैयाजी यांचा पुतण्या स्वप्निल पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीत आला आणि काकांना म्हणाला, सात शाळा आणि एक ऑफिस यांच्यात एवढे कागद कशाला फिरवता, सगळ्यांनी एकाच वेबसाइटवर काम करा. त्यात कामाचं नाव लिहायचं, कोणी करायचं ते लिहायचं, मुदत लिहायची. समोर एक चौकोन असतो. मुदत टळली की तो लाल होतो, त्यात टिक मारली की हिरवा. सातही शाळांचे क्लार्क एक दिवस ट्रेनिंगला बोलावले. स्वप्निल तीन तास बोलला, त्यात मराठी शब्द मोजून दहा-बारा असतील. मधे लाईट गेली तरी तो अंधारात बोलतच होता. आलुबोंडे मात्र चांगले होते. शेवटी त्यानं विचारलं, कोणाला काही शंका? आम्ही कोणीच हात वर केला नाही, कारण आर्वीची बस साडेचारला होती.

आता यात माझं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. सव्वीस वर्षं मी शाळेच्या सूचनावहीत वाढलो. शिपाई वही घेऊन वर्गावर्गात फिरतो, मास्तर शिकवता शिकवता सही करतात, वही पुढे जाते. सही म्हणजे मी वाचलं. पुढे कोणी विचारलं तर सही दाखवायची आणि सुटायचं. सही केली म्हणजे काम केलं, असा अर्थ सव्वीस वर्षांत एकाही माणसानं काढला नाही. तो काढला असता तर शाळा कधीच बंद पडल्या असत्या. मग पडद्यावर नावासमोर चौकोन दिसला तेव्हा मी दुसरं काय समजणार? मी पहिल्याच आठवड्यात सातही शाळांना पत्रक काढलं की, आलेल्या कामावर त्याच दिवशी टिक करण्यात यावी, दिरंगाईची गंभीर दखल घेतली जाईल. (गंभीर दखल हे माझे आवडते शब्द आहेत. आता त्यांच्याकडे बघवत नाही.)

क्लार्क मंडळी आज्ञाधारक. अल्लीपूरच्या शाळेची गळकी कौलं, टिक. आर्वीचा बंद पंखा, टिक. पंधरा दिवसांत आमचा पडदा असा हिरवागार झाला की भैयाजी चष्मा पुसून पुसून पाहायचे. त्यांनी त्याचा रंगीत कागद काढून फ्रेम करून आपल्या खुर्चीमागे लावला. मला सगळ्यांसमोर म्हणाले, अच्युतराव, तुम्ही संस्था बदलून टाकली. मी घरी येऊन हे दोनदा सांगितलं. भाऊजी, इतकं बरं मला नोकरी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्या हिरव्यात सिंदीच्या आपल्या शाळेचं मुलींचं शौचालयही होतं. नागपूरच्या सुनीतीबाईंनी सासूबाईंच्या नावानं त्यासाठी देणगी दिली आहे. (पैसे बँकेत जसेच्या तसे आहेत, तो संशय घेऊ नका.) भैयाजींनी पडद्यावर हिरवं पाहिलं, बाईंना फोन केला आणि शनिवार, १६ तारखेचं उद्घाटन ठरवून टाकलं. बाई नागपूरहून दोन गाड्या भरून माणसं आणणार आहेत. गेल्या शनिवारी भैयाजी मला म्हणाले, पत्रिकेवर छापायला शौचालयाचा एक फोटो मागवून घ्या. मी सिंदीला आचलबाईला फोन लावला. ही आपल्या शाळेची नवीन क्लार्क, सहाच महिने झाले. विचारलं, बांधकाम कुठवर आलं? ती म्हणाली, "बांधकाम कोणतं साहेब? फक्कीनं चौकोन आखलेला आहे, त्यात पोरं खो-खो खेळून राह्यली." नवीन पोरगी, अनुभव नाही, टिक होऊन गेली, कोणाला दोष द्यायचा? मी फोन ठेवून दिला.

मग म्हटलं, टिक काढून टाकू. कोणाला कळणार आहे? आधी आर्वीच्या पंख्यावर प्रयोग केला. पण या व्यवस्थेत टिक मारताना कोणी विचारत नाही आणि काढताना मात्र गावभर दवंडी होते. पाच मिनिटांत भैयाजींचा फोन. "अच्युतराव, पंखा पुन्हा बिघडला का हो? काऊन उघडलं काम?" मी म्हटलं, नाही नाही, चुकून हात लागला. पुन्हा टिक मारली. आर्वीचा पंखा अजून बंदच आहे आणि माझ्या पडद्यावर तो दोनदा दुरुस्त झालेला आहे.

भाऊजी, मला सस्पेंड करतील का हो? निवृत्तीला चार वर्षं राहिली. कोनशिला कोरून सोमवारीच आली, ती माझ्या टेबलाशेजारी उभी आहे. दगड तयार आणि लावायला भिंत नाही. येणारा-जाणारा वाचतो आणि माझं अभिनंदन करतो.

असो. रडगाणं पुष्कळ झालं. ताईला नमस्कार सांगा, पत्रातलं मात्र काही सांगू नका. तुमची नात गुंजन त्याच शाळेत आहे, तिलाही नको.

आपला, आजच्या तारखेपर्यंत हेडक्लार्क असलेला,
अच्युत

ता. क. : चिंधूच्या गाडीला अजून वेळ आहे म्हणून लिहितो. तुमची सगळी हयात बांधकाम खात्यात गेली. डोमाजी मिस्त्री तुमच्या शब्दाबाहेर नाही. दहा दिवसांत चार भिंती, दारं आणि वर पत्रे एवढं उभं होईल का? सिमेंटला पाणी मारायलाच सात दिवस लागतात असं तुम्ही म्हणाल, ते मला ठाऊक आहे. पण सुनीतीबाई फीत कापणार, आत जाणार नाहीत. बाहेरून रंग ओला असला तरी चालेल.

ता. क. २ : वरचं शेवटचं वाक्य वाचून मला माझीच लाज वाटली. गुंजन दिवाळीत आमच्याकडे आली तेव्हा सांगत होती की पोरी शाळेत दिवसभर पाणी पीत नाहीत, भरलेली बाटली तशीच घरी नेतात. ते ऐकून ते काम पडद्यावर मीच पहिल्यांदा लिहिलं होतं. आणि आता खरं सांगतो. टिक आचलबाईनं मारलेली नाही. सात शाळांत ती एकटीच, जिला स्वप्निलचं बोलणं समजलं होतं. तिनं चौकोनाखाली लिहिलं होतं, "साहेब, काम झालेले नाही, म्हणून टिक केलेली नाही. मार्गदर्शन व्हावे." पंधरा दिवस सगळ्या हिरव्यात तेवढा एक लाल राहिला. भैयाजी फ्रेम करायला निघाले होते. मी तिला फोनवर झापलं, गंभीर दखल वगैरे म्हणालो, आणि स्वतः टिक मारली. ती पोरगीही दिवसभर त्याच शाळेत बसते, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. ती तुमच्याच गल्लीत राहते. तिनं हे भैयाजींना सांगू नये, एवढं तिला समजावता आलं तर पाहा, हे विचारायलाच खरं तर पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. ३ : चिंधू चप्पल घालून दारात उभा आहे, "गाडी चुकली तं मले बोलू नोका" म्हणतो आहे. पाकीट चिकटवणार तेवढ्यात पडद्यावर नवीन काम आलं. सिंदी शाळा, मुलींचे शौचालय, बांधकाम करणे. मुदत १५ फेब्रुवारी. काम टाकणारी आचलबाई, करणारा मी. (कोणीही कोणालाही काम देऊ शकतं, असं स्वप्निल म्हणाला होता. मला वाटलं, बोलण्यापुरतं असेल.) सातही शाळांना दिसतं आहे. खाली भैयाजींनी विचारलं आहे, "हे तं झालं होतं न, अच्युतराव?" आचलबाईला समजवायला जाऊ नका, राहू द्या. मी आत्ताच उत्तर लिहिलं, "झालेले नाही. आधीची टिक माझी होती." पाठवलं. टेबलावरचा फोन वाजायला लागला आहे, तो पत्र दिल्यावर उचलतो. तुम्ही डोमाजीला उद्या सकाळी सात वाजता शाळेत उभं करा. रंगाचं नंतर पाहू, आधी पाण्याची लाईन घ्यायला सांगा. मी पहिल्या गाडीनं येतो.